चावी आत, आपण बाहेर

मी गाड्यांची लॉकं उघडणारा चावीवाला. चावी आत राहिली म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. गाडी कुठली, उभी कुठं आहे, हे नंतर. आधी विचारतो, "आत कोण आहे का?" सोलापुरात समोरचा कुठल्या भाषेत बोलेल सांगता येत नाही, म्हणून हा प्रश्न मी कानडी-तेलुगूतही पक्का करून ठेवलाय. "ओळग यार अदार?" आणि "लोपल एवरु उन्नारु?" आत लेकरू, म्हातारं माणूस किंवा जनावर असेल तर पुढची सगळी रीत वेगळी. कुणी नसेल तर मी म्हणतो, मालक, सावलीला थांबा, पाणी प्या आणि मी येईपर्यंत दाराला पट्टी, तार, स्क्रू-ड्रायव्हर काही लावू नका.

वडील नवी पेठेत फुटपाथवर चाव्यांची पेटी घेऊन बसायचे. लोखंडी कपाटं, ट्रंका, यंत्रमागाच्या कारखान्यांची कुलपं, एवढंच त्यांचं काम. कानस धरायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढं स्कूटर आल्या, मग गाड्या, मग चिपच्या चाव्या. गाड्यांची लॉकं उघडायला लागून मला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हेच बघत आलोय: चावी आत राहिली म्हणून गाडीचं काही बिघडत नाही, बिघडतं ते पुढच्या दहा मिनिटांत माणसं जी घाई करतात तिनं. आणि आत जीव अडकलेला असतो तेव्हा नेमकं उलटं होतं. तिथं घाई करायची, तर माणसं माझी वाट बघत उभी राहतात.

म्हणून आधी तेच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, दुपारचा एक. मार्केट यार्डातून फोन आला. विकलेल्या कांद्याची पट्टी (हिशेबाचा कागद) घ्यायला आलेले एक गृहस्थ पाच मिनिटं खाली उतरले होते. गाडी नवी, दोन वर्षांचा पोरगा मागच्या सीटवर झोपलेला. चावी त्याच्याजवळ राहिली, जागा झाल्यावर त्यानं खेळता खेळता बटण दाबलं आणि चारही दारं लॉक. मी आसरा चौकात होतो, तिथनं पोचायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागणार होती. मी फोनवर सांगितलं, काच फोडा. ते म्हणाले, "नवी गाडी आहे हो, तुम्ही या लवकर." मी गाडीला किक मारली, पण फोन काही बंद केला नाही. परत सांगितलं, परत तेच उत्तर. शेवटी म्हटलं, शेजारी कोण हमाल असेल त्याच्या हातात फोन द्या. त्या हमालमामांनी माझं अर्धं वाक्य ऐकलं आणि पोती ओढायचा लोखंडी आकडा काचेच्या कोपऱ्यात हाणला. एका दणक्यात काच खाली. मी पोचलो तेव्हा पोरगं आजीच्या मांडीवर होतं. तोंड लालभडक, केस भिजून चिप्प. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत खेळायला लागलं. त्या दिवशी सगळे माझ्यासाठी थांबले असते तर काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या मनातनं जात नाही.

बंद गाडी उन्हात उभी असली की पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी चढतं, आणि चढत राहतं. बाहेर ४२ असेल तर आत काय होत असेल याचा हिशेब करा. काच बोटभर उघडी असली तरी फार फरक पडत नाही. लहान लेकराचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. तेव्हा आत लेकरू असेल आणि दुसरी चावी तिथल्या तिथं हातात नसेल, तर एकानं ११२ लावायचा आणि दुसऱ्यानं त्याच वेळी काच फोडायची. मला फोन करायचाच असेल तर काच फोडून झाल्यावर करा.

काच फोडायचीही एक रीत आहे. पुढची मोठी काच फोडायला जाऊ नका. तिच्यात दोन काचांच्या मधे पापुद्रा असतो, ती तडकते पण पडत नाही. बाजूच्या दारांच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, त्यांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे होतात. लेकरू जिथं आहे त्याच्यापासून सगळ्यात लांबची काच निवडा. मधोमध मारू नका, तिथं काच लवते आणि मार परत येतो. खालच्या कोपऱ्यात, कडेपासून दोन-तीन बोटं आत, टोकदार आणि कडक वस्तूनं मारायचं. आपली हत्यारं आपल्याच गाडीत अडकलेली असतात, म्हणून शेजारच्या गाडीतली टॉमी (लोखंडी दांडा) मागा, मोटारसायकलच्या किटमधला पाना मागा, एसटी उभी असेल तर तिच्यातली हातोडी आणा. काहीच नसेल तर टोकाचा दगड. हाताला टॉवेल गुंडाळा, तोंड बाजूला करा, एकदा जोरात मारा. काळी फिल्म लावली असेल तर तुकडे फिल्मला चिकटून राहतात, ते टॉवेलच्या हातानं आत ढकलून द्या. काही महागड्या गाड्यांत बाजूची काचही लॅमिनेटेड, म्हणजे पुढच्या काचेसारखी पापुद्र्याची असते. काचेच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, नाहीतर दोन दणक्यांत नुसती जाळी पडली की कळतंच. मग मागच्या दाराची काच बघा. हात आत घालून आतल्या हँडलनं दार उघडा, लेकराला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. लेकरू गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता आत कुणी नाही, असं धरून पुढं सांगतो. इथं मात्र थंड डोक्यानं काम.

पाचही दारं हातानं ओढून बघा. पाच म्हणजे डिकीसकट. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाशेजारनं एका निवृत्त मास्तरांचा फोन आला होता. पार्क चौकातल्या गर्दीतनं वाट काढत तासाभरानं पोचलो. सवयीनं मागचं डावं दार ओढलं तर उघडलं. प्रत्येक दारात लॉक ओढणारी एक छोटी मोटर असते, ती जुनी झाली की तिन्ही दारं लॉक होतात आणि चौथं तसंच राहतं. मास्तरांनी पुढची दोनच दारं बघितली होती. ते पैसे देत होते, मी घेतले नाहीत. तिथंच उभा राहून त्यांच्याबरोबर चहा घेतला. हॅचबॅक गाडीची डिकी उघडी सापडली तर मागची सीट पाडून आत जाता येतं.

दुसरं, चावी आत राहिली आहे की चावी हातात असून गाडी उघडत नाही, हे नीट ठरवा. मला येणाऱ्या फोनांत "लॉक झालंय" म्हणणारे बरेच जण दुसऱ्या जातीतले असतात. रिमोट दाबल्यावर रिमोटवरचा बारीक दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर रिमोटचा सेल संपलाय. दिवा लागतोय, पण गाडीचे इंडिकेटर लुकलुकत नाहीत, कसला आवाज नाही, तर बहुधा गाडीचीच बॅटरी बसली आहे. दोन्ही वेळा उपाय तुमच्या मुठीत असतो. साध्या रिमोटला पातं बाहेरच असतं, ते ड्रायव्हरच्या दाराच्या भोकात घालून फिरवायचं. वर्षानुवर्षं रिमोटच वापरला की त्या भोकात धूळ बसते, आपल्या गावच्या धुळीत तर जास्तच. जोर लावून पातं पिळू नका, मोडलं तर काम दुप्पट. थोडं आत-बाहेर करा, मग फिरवा.

बटण-स्टार्टच्या गाडीवाल्यांना वाटतं आपल्या चावीला पातं नाहीच. असतं. स्मार्ट चावीच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो सरकवला की आतनं लोखंडी पातं निघतं. आता दाराला भोक दिसत नाही म्हणाल. ड्रायव्हरच्या हँडलच्या टोकाला एक वेगळा तुकडा असतो, बऱ्याच गाड्यांत तीच टोपी. तिच्या खालच्या बाजूला बारीक खाच असते, त्या खाचेत पात्याचं टोक घालून अलगद वर उचललं की टोपी निघते आणि मागं भोक दिसतं. असं दार उघडल्यावर काही गाड्यांचा भोंगा वाजायला लागतो. घाबरू नका. बॅटरी ठीक असेल तर ब्रेक दाबून, ती मेलेली चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. बऱ्याच गाड्यांत चावीतली चिप तेवढ्या जवळून सेलशिवाय वाचली जाते. गाडी चालू होते, भोंगा थांबतो. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा त्या एका पानाचा फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा.

सेल बदलताना जुन्यावरचा आकडा वाचा. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. काहींत २०२५ किंवा १६२०. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. घड्याळाच्या दुकानात मिळतो. रिमोट जवळ नेल्याशिवाय चालेना झाला की सेल शेवटच्या टप्प्यात आलाय, तेव्हाच बदला.

चावी खरोखरच आत राहिली असेल तर ती राहिली कशी, तेही आठवा. रिमोटनं लॉक उघडलं आणि अर्ध्याएक मिनिटात दार उघडलं नाही, तर बऱ्याच गाड्या आपणहून परत लॉक होतात. माणूस रिमोट दाबतो, नुसती डिकी उघडतो, पिशव्या ठेवताना चावीही तिथंच ठेवतो आणि डिकी लावतो. लग्नसराईत मला असे फोन फार येतात, मंगल कार्यालयाच्या दारात आहेराच्या चादरींच्या ढिगाखाली चावी. स्मार्ट चावी आत असेल तर गाडी सहसा लॉक होत नाही, पण सेल अशक्त असला किंवा चावी मोबाईलला चिकटून, नाहीतर स्टीलच्या डब्यात असली, तर गाडीला ती सापडत नाही.

मग दुसरी चावी. हा उपाय कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात, पण माझ्या मते सगळ्यात चांगला हाच. घर जुळे सोलापुरात असेल आणि गाडी बाळे नाक्याला, तर घरच्यांना दुचाकीवर चावी आणायला सांगा, पाऊण तासात विषय संपला. अक्कलकोटला किंवा तुळजापूरला दर्शनाला जाऊन अडकलात, तरी अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. इतक्या लांबनं मी येईन ते पैसे घेऊनच येईन, आणि मुलगा एसटीनं चावी घेऊन आला तर तिकिटात भागतं. लोकांचा हिशेब चुकतो तो इथं. नव्या गाड्यांत ह्युंदाईचं ब्लूलिंक किंवा कियाचं किया कनेक्ट असं काही असेल आणि त्याची वर्गणी चालू असेल, तर मोबाईलवरनंच दार उघडतं. गाडी घेताना शोरूमवाल्यानं जोडून दिलेलं असतं आणि मालकाला आठवतही नाही.

हेही नसेल तर मदत बोलवा. विम्याच्या कागदावर रोडसाइड असिस्टन्स घेतलं आहे का बघा, गाडीच्या कंपनीचीही अशी सेवा असते. लॉक उघडून देणं त्यात धरलेलं असतं किंवा घरनं चावी आणून देतात. पॉलिसीची पीडीएफ मोबाईलमध्ये पाहिजे, गाडीत नव्हे. पुणे रोडला सावळेश्वर टोलच्या आसपास किंवा तुळजापूर रोडला तामलवाडीकडे रात्री अडकलात तर १०३३ लावा. राष्ट्रीय महामार्गांची ती हेल्पलाईन चोवीस तास चालते. गाडी धोक्याच्या जागी उभी असेल तर आधी गस्तीची गाडी मागवा, लॉकचं नंतर बघू. आणि तुम्ही स्वतः रस्त्याच्या कडेपासून लांब, कठड्याच्या पलीकडं उभे राहा.

चावीवाला बोलावलात तर त्याच्या हाताकडं लक्ष ठेवा. पूर्वी आम्ही लोखंडी पट्टी काचेच्या बीडिंगमधून (कडेच्या रबरातून) खाली सोडून लॉकची सळई ओढायचो. जुन्या गाड्यांत दारात दुसरं काही नसायचंच, चालून जायचं. आता त्याच पोकळीत काचेच्या मोटरच्या, स्पीकरच्या, सेंट्रल लॉकच्या वायरी असतात, काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सरही असतो. पट्टीनं एखादी वायर कापली किंवा सळई निसटली तर अख्खं दार खोलावं लागतं. मी पट्टी सोडून दिली त्याला बरीच वर्षं झाली. आता दाराच्या वरच्या मागच्या कोपऱ्यात प्लास्टिकची पाचर घालून हवेची पिशवी सरकवतो, पंपानं बोटभर फट करतो आणि रबर चढवलेली लांब सळई आत नेतो. फट जितकी लहान तितका कारागीर चांगला. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरनं दार उचकटायला लागला तर तिथंच थांबवा. त्यानं रंग जातो आणि दाराची चौकट वाकते. मग पावसाळ्यात पाणी आत येतं, हायवेला वारा शिट्टी घालतो, आणि डेंटिंगवाल्याला दिलेले पैसे माझ्या मजुरीच्या कितीतरी पट होतात. आणखी एक, मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलं असेल तर आधीच सांगा. तिथलं आतलं हँडल ओढून काही होत नाही, माझी अर्धा तास मेहनत फुकट जाते.

जुनी, खुंटी वर येणाऱ्या लॉकची गाडी असेल आणि खुंटीचं डोकं फुगीर असेल तर बुटाच्या नाडीचा सरकफास खुंटीत अडकवून वर ओढता येतो. पण आता खुंट्या सपाट करून टाकल्यात, बहुतेक गाड्यांत तर खुंटीच नाही. आणि मोबाईलवर फिरणारे दोन प्रकार करून वेळ घालवू नका. टेनिसचा चेंडू भोक पाडून लॉकवर दाबायचा म्हणतात. लॉक हवेच्या दाबानं उघडत नाही, आत लोखंडी खटका आणि मोटर असते. दुसरं, घरी रिमोट फोनजवळ धरून दाबायचा आणि इकडं फोन गाडीजवळ धरायचा. रिमोट रेडिओ लहरी सोडतो, फोन आवाज नेतो. दोन्हींचा काही संबंध नाही.

मी आलो की आधी कागद मागणार. आरसी, आणि तुमचा फोटो असलेलं ओळखपत्र. कागद गाडीत आहेत म्हणालात तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन उघडून दाखवा. नावं जुळली की गाडीचा नंबर, तारीख, तुमची सही माझ्या वहीत. काही लोकांना राग येतो, "माझीच गाडी आहे की!" मी म्हणतो, मालक, उद्या दुसरा कोणी तुमची गाडी दाखवून मला असाच बोलवेल, तेव्हा मी कागद मागावेत असं तुम्हालाच वाटेल. नवरा-बायकोच्या भांडणातली किंवा हप्ते थकल्यामुळं अडकलेली गाडी मी उघडत नाही, कोणी कितीही पैसे देऊ दे. तिथं पोलीस आणि कोर्टाचं काम असतं. जो चावीवाला कागद न बघता दार उघडतो, त्याला आपली गाडी दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चावी गाडीत नसून हरवलीच असेल तर दार उघडून भागत नाही. चिपच्या चावीशिवाय इंजिन चालू होणार नाही, नुसतं पातं घासून दिलं तर फार तर स्टार्टर फिरेल पण गाडी पेटणार नाही. पोलिसांत हरवल्याची नोंद करा, आरसी घेऊन शोरूमला जा किंवा चिप कोडिंग करणाऱ्याला बोलवा, आणि हरवलेली चावी गाडीच्या यादीतून पुसून टाकायला सांगा. नव्या चाव्यांच्या जुडग्याला नंबर कोरलेली एक छोटी पट्टी असते. त्या नंबरावरून पातं कापता येतं. लोक ती बिनकामाची समजून फेकून देतात. ती घरी कपाटात ठेवा, चावीला अडकवून फिरू नका. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि ही पट्टी मागून घ्या. विकणारा एकच चावी देत असेल तर दुसरी करायचा खर्च किमतीतून वजा करा.

दार उघडल्यावर माणसं चावी घेतात, पैसे देतात आणि निघतात. मी त्यांना दोन मिनिटं थांबवतो. ज्या दारावर काम झालं त्याची काच पूर्ण खाली-वर करून बघायची. चारही दारं चावीनं आणि रिमोटनं, दोन्हीनं लॉक करून उघडायची. दार लावून चौकटीच्या रबरावरनं बोट फिरवायचं, कुठं दबलंय का, दुमडलंय का. वरच्या कोपऱ्यात रंगाला ओरखडा दिसला तर मी तिथं असतानाच दाखवायचा. हे सगळं ठीक असलं की मगच मी वहीत वेळ टाकतो आणि पेटी बंद करतो.